लुमायचा गजर

दहा फेब्रुवारी २०४३ रोजी, मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, महासंघाचे संरक्षणमंत्री यशोधर शेलवंते भर सभागृहात उभे राहिले आणि लुमायच्या रुग्णालयावर बॉम्ब टाकायचा हुकूम आपणच दिला होता अशी त्यांनी कबुली दिली. कबुली आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात होती. मांडीवर हाताने ताल चालू होता. शेवटचा शब्द त्यांनी बरोबर समेवर आणला आणि ते खाली बसले.

असं काही घडलेलं नाही.

सभागृहाच्या इतिवृत्तात ते नाही, चित्रफितीत नाही, आणि त्या वेळी हजर असलेल्या तीनशे अकरा सदस्यांपैकी कुणालाही ते आठवत नाही. त्यातले दोनशे सदस्य तर न विचारताच आठवत नाही म्हणून सांगतात. तेव्हा तो विषय इथेच संपवू आणि लवू घाडीबद्दल बोलू. लवू नक्की आहे. खारवणे गावात त्याचं घर आहे, घराला घरपट्टी आहे, आणि त्याच्या पखवाजाचा त्रास झालेली माणसं तीन तालुक्यांत पसरलेली आहेत.

लवू हा भालचंद्र तांडेल बुवांच्या भजन मंडळाचा पखवाजी. तळकोकणात डबलबारी नावाचा प्रकार असतो. समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज आणि मधोमध देव. बुवा एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, टोमणे मारतात, एकमेकांची अक्कल काढतात, आणि हे सगळं भक्तीत धरलं जातं. माणसं चंद्रावर राहायला गेली तरी हे बंद पडलं नव्हतं. उलट चंद्रावरच्या कोकणी मंडळींनी तिथेही मंडळ काढलं होतं, आणि तिथे हवा नसल्याने आवाज पोचत नाही ही तक्रार बुवांपर्यंत आली होती.

आता लवूचा दोष. पखवाजी तिहाई घेतो, म्हणजे एक तुकडा तीनदा वाजवतो, आणि तिसऱ्यांदा त्याची शेवटची थाप समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडते. ती पडली की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. लवूची थाप अर्धी मात्रा उशिरा पडायची. दर वेळी. एकदा चुकूनसुद्धा बरोबर पडली नाही. हलवायला काढलेल्या माना तशाच अर्ध्यावर राहायच्या, आणि लवू मात्र जग जिंकल्यासारखा ठेक्यावर यायचा, कारण त्याच्या कानाला ती थाप समेवरच पडलेली असायची.

"लवू, मेल्या," बुवा पेटीवरून ओरडायचे, "सम काय पुढच्या स्टॉपार उतरली?"

असा माणूस बुवांनी ठेवला, कारण आधीचा पखवाजी राहिला नव्हता.

आधीचा पखवाजी साईश राऊळ. लवूची बायको दीक्षा हिचा धाकटा भाऊ. त्याचा हात असा होता की समोरचे बुवा स्वतःचं गाणं विसरून त्याची तिहाई ऐकत बसायचे. २०४० साली तो महासंघाच्या रसदजहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. नोव्हेंबरात त्याच्या पोटात दुखलं, अपेंडिक्स निघालं, आणि जहाजाने त्याला लुमाय बंदरातल्या रुग्णालयात उतरवलं. त्याच महिन्यात महासंघाने लुमायमध्ये शांतता प्रस्थापित केली. शांतता आठ दिवस वरून पडत होती. त्यात ते रुग्णालय गेलं.

महासंघाचं म्हणणं एका ओळीचं होतं: लुमायला रुग्णालय नव्हतं, आणि जे नव्हतं ते पडू शकत नाही. साहजिकच साईश तिथे मेला नव्हता. तो रजेवर होता. दर तीन महिन्यांनी त्याची रजा वाढवल्याचं पत्र यायचं आणि खाली छापलेलं असायचं, "सुट्टीचा आनंद घ्यावा."

तिथून वाचलेल्या एका परिचारिकेचा निरोप मात्र आला होता. साईश नावाचा स्वयंपाकी होता, खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठेका धरायचा, शेजारच्या रुग्णांना झोपू द्यायचा नाही. तो गेला. कुठल्या दिवशी ते तिला सांगता येईना. त्या आठ दिवसांतला वार तिच्या लक्षात राहिला नव्हता.

आणि गाडी तिथेच अडली होती. साईशची आई सुहासिनीबाई हिने निषेध मोर्चे पाहिले होते, चौकशी समित्या पाहिल्या होत्या, आणि त्या समित्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समित्याही पाहिल्या होत्या. तिचं मागणं एकच होतं.

"माका न्याय नको, पुतळो नको," ती म्हणायची. "माका तिथी होयी. झिलाचो म्हाळ घालूक होयो."

झील म्हणजे मुलगा, आणि म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला एकत्र उरकतात, असं भटजींनी सुचवलं होतं. सुहासिनीबाईने त्यांना चहा न देता परत पाठवलं. "माझो झील काय बेवारशी आसा? सगळ्यांच्या रांगेत उभो करू त्येका?"

तिथी सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. हुकूम देणारा.

*

निषेधाची गाणी तोवर पुष्कळ झाली होती. लुमायवर महासंघभरात चौदाशे गाणी निघाली. शेलवंते यांना त्यातली बरीच पाठ होती. त्यांच्या फोनची धून एक निषेधगीतच होतं, ज्यात त्यांना सात वेळा कसाई म्हटलं होतं. चाल चांगली होती, असं ते म्हणत. त्यांच्याच खात्यातर्फे दरवर्षी निषेधगीत महोत्सव भरायचा. उत्कृष्ट आक्रोशाला पहिलं पारितोषिक असायचं, आणि ते मंत्र्यांच्या हस्ते दिलं जायचं. तांडेल बुवांना एकदा दुसरं मिळालं होतं. परीक्षकांनी शेरा मारला होता: "संताप प्रामाणिक, पण शेवट लांबला."

बुवा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "शिव्या देवन उपेग नाय. तेंका शिव्या आवडतत."

म्हणून त्यांनी शिवी नसलेला गजर रचला. सार्वजनिक ठिकाणी गायचं प्रत्येक गाणं सरकारच्या 'स्वरचाळणी' यंत्रातून जावं लागे. यंत्र शब्द तपासून आक्षेपार्ह ओळी काढून टाकायचं. बुवांच्या गजरात चारच ओळी होत्या:

अंगणी आभाळ आगीचं आलं,
कुणी धाडलं, बा, कुणी धाडलं?
खाटेवर निजलेलं उचलून नेलं,
कुणी धाडलं, बा, कुणी धाडलं?

यंत्राने अहवाल दिला: "भक्तिगीत. विषय यमधर्म. धोका शून्य. उच्चार स्पष्ट ठेवावेत."

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी खारवण्याच्या देवळात बुवांनी तो गजर गायला. शेवटचं 'कुणी धाडलं' आलं, लवूने जीव ओतून तिहाई घेतली आणि अर्धी मात्रा उशिरा संपवली. माना अर्ध्यावर राहिल्या. लोक घरी गेले.

सोमवारी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दोनशे बारा माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांची तक्रार एकच. डोक्यात गजर वाजतोय, थांबत नाही. काही जण रांगेत उभ्या उभ्या तो गुणगुणत होते, आणि आरोग्य सेविकेने ते ऐकल्यामुळे दुपारपर्यंत तीही रांगेत होती.

जिल्ह्याच्या श्रवणविज्ञान केंद्रातून डॉ. मृण्मयी केणी आल्या. मेंदूतलं गाणं बाहेर ऐकू येईल असं उपकरण त्यांच्याकडे होतं. बारीक संवेदकांनी विणलेलं लांब कापड, डोक्याला गुंडाळायचं. केंद्रात त्याला मोठं नाव होतं. खारवण्यात पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव फेटा पडलं. दोनशे बारा जणांना फेटे बांधून झाल्यावर केंद्राबाहेर चहा विकणाऱ्याने लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी बुवांना आणि लवूला बोलावून घेतलं.

"आपला मेंदू गाणं ऐकत नसतो, तो अंदाज बांधत असतो," त्या म्हणाल्या. "पुढे काय येणार हे तो आधीच लिहून ठेवतो, आणि कान फक्त बरोबरची खूण करतो. सम हा सगळ्यात मोठा अंदाज. ती आली की मेंदू पान उलटतो. कुणी वेडंवाकडं वाजवलं तर तो ते कचऱ्यात टाकतो आणि तरीही पान उलटतो. पण तुमची चूक भलतीच शिस्तशीर आहे, लवूजी. हजारात एका मात्रेचाही फरक नाही. अर्ध्या मेंदूला वाटतं सम आली, अर्ध्याला वाटतं नाही आली. निकाल लागेना, म्हणून दोघं तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून बघतात."

"चूक?" लवू म्हणाला.

"थांबणार कसा तो?" बुवांनी घाईने विचारलं.

"एरवी नुसती सम राहायची, या वेळी तुमच्या प्रश्नाचीही जागा मोकळी राहिली. दोन्ही एकाच ठिकाणी अडकलंय. ऐकणाऱ्याने उत्तर मोठ्याने, ठेक्यात, समेवर म्हटलं की सुटतं. बहुतेकांना 'माहीत नाही' एवढंच म्हणायला लावलं. लगेच बरे झाले. कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं."

"आणि माहीत असलेल्यांनी तसं म्हटलं तर?"

"तर सुटत नाही. खोटं बोलताना मेंदूत चूक पकडणारा भाग पेटतो. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी बसते. उलट गजर जलद होतो." डॉक्टरांनी कागद चाळले. "तुमच्या गावात एकोणीस जण असे निघाले. त्यांना विमानाचं काही माहीत नव्हतं. पण प्रत्येकाने कधी तरी काही तरी धाडलेलं होतं."

त्या आठवड्यात खारवण्यातल्या सतरा निनावी अर्जांचे लेखक सापडले. मुख्याध्यापकांविरुद्धचे चार अर्ज स्वतः मुख्याध्यापकांनीच धाडले होते. त्यांना बदली हवी होती. सरपंचाने शेजाऱ्याच्या बागेत रेडा धाडल्याचं ग्रामसभेत, ठेक्यात, कबूल केलं, आणि शेजाऱ्यानेच झांज वाजवून त्याला समेवर आणलं.

"एकदा ऐका तरी," असं म्हणून डॉक्टरांनी लवूला त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण लावून दिलं.

लवूने ते डोळे मिटून ऐकलं. "कुणाचा पखवाज हा? सम चुकली की."

बुवा छताकडे बघत होते.

"माझा?" लवू म्हणाला. आणि त्याच्या डोक्यात गजर सुरू झाला.

*

दुपारी जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर चालू होती.

"'माहीत नाही' म्हण ना," दीक्षा म्हणाली. "सगळी माणसं म्हणून मोकळी झाली. कासारांची म्हातारी झाली, तिला तर प्रश्नही ऐकू आला नव्हता."

"म्हटलं."

"मग?"

"माझ्या मेंदूला पटत नाही."

दीक्षाने आमटीची पळी भांड्यात ठेवली. ती तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर येईपर्यंत पायऱ्या सोडायची नाही. "एकोणीस जणांचंच तसं झालं होतं ना? ज्यांनी काही धाडलेलं होतं?"

"मी काय धाडणार? मी पखवाजवाला माणूस."

"तू आता पखवाजवाला. तेव्हा झांजवाला होतास," दीक्षा म्हणाली आणि हात धुवायला उठली. पायरी तिला दिसली होती की नाही, हे लवूला कळलं नाही. तो गुणगुणत बसला. गजर थोडा जलद झाला होता.

खरं ते असं होतं. साईशला जहाजावर जायचं नव्हतं. जाहिरात लवूने आणली. अर्ज लवूने भरला. साईश नको म्हणत होता तेव्हा लवूने त्याला सांगितलं होतं, बुवा तुझ्या जागी दुसरा पखवाजी बघतायत, आपण होऊन गेलास तर मान राहील. बुवा कुणालाही बघत नव्हते. लवूला फक्त त्या पखवाजासमोर बसायचं होतं. तीन वर्षं झांज वाजवून त्याचा एक कान बधिर झाला होता. कदाचित त्यामुळेच त्याला सम ऐकू येत नसावी, पण तसं म्हटलं की बरं वाटतं, म्हणून तो आता ते म्हणायचं टाळत होता.

दोन दिवसांनी बुवा उड्या मारत आले. वय चौसष्ट, तरी मारत आले.

"शेलवंते येतासा! बावीस जानेवारीक. शांतता उद्यानाचा उद्घाटन. आपली बारी ठेवलीहा, दुपारी चार वाजता. पुढच्या खुर्चेत बसतलो तो, लवू. तुझ्या पखवाजापासून आठ हातांर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे सुचायला शास्त्रज्ञ असावं लागत नव्हतं. तरी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, केंद्राच्या नियमांत अशा गोष्टीला परवानगी नाही. मग म्हणाल्या, नियमांत मनाईही नाही, कारण नियम लिहिणाऱ्यांना भजन माहीत नव्हतं.

सुहासिनीबाईला कळलं तेव्हा तिने कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. "तारीख बोलात तो?"

"बोलणार," बुवा म्हणाले. "तेका बोलूकच लागात."

तालमीला सुरुवात झाली. बुवांनी गजर धरला, शेवटचं 'कुणी धाडलं' आलं, लवूने तिहाई घेतली. थाप समेवर पडली. बरोबर, स्वच्छ, मधाच्या थेंबासारखी.

कोरसची सगळी पोरं आनंदाने ओरडली. बुवांनी पेटीवर डोकं ठेवलं.

"दोन वरसां देवाक नारळ ठेवलंय रे ह्याच्यासाठी! आणि आज कित्याक सुधारलंस, मेल्या!"

पुन्हा घेतली. पुन्हा सम. मुद्दाम उशिरा मारली तर ती बेताल पडायची, आणि बेताल पडलेलं मेंदू कचऱ्यात टाकतो. लवूची शिस्तशीर, निर्मळ चूक गेली होती. डॉक्टरांनी त्याला फेटा बांधून पाहिला.

"तुमच्या डोक्यातला गजर समेची वाट बघतोय, आणि हात त्याला ती देतोय," त्या म्हणाल्या. "तो गजर थांबल्याशिवाय तुमची चूक परत यायची नाही. उत्तर देऊन टाका, लवूजी. काय असेल ते."

"ते जरा घरगुती आहे."

"मंत्र्यांचंही त्यांच्या दृष्टीने घरगुतीच असणार."

लवू घरी चालत गेला. वाटेत त्याने एकदा पळून जायचा विचार केला, पण गजराच्या ठेक्यात पळता येईना; पाय आपोआप आठ मात्रांत पडत होते.

सुहासिनीबाई लेकीकडे आली होती, विळीवर नारळ खवत होती. दीक्षा वह्या तपासत होती. लवू दोघींच्या मध्ये उभा राहिला आणि ठेक्यात म्हणाला, कारण नुसतं म्हणून चालत नव्हतं:

"मी धाडलं, मी धाडलं. साईशला जहाजावर मी धाडलं. अर्ज मी भरला, खोटं मी बोललो, त्याच्या पखवाजासाठी मी धाडलं."

सम आली. गजर थांबला. इतकी शांतता झाली की खोबऱ्याचा कीस ताटात पडतानाचा आवाज ऐकू आला.

"अर्ज तू भरलंस ता माका ठावक होता," सुहासिनीबाई म्हणाली. तिचा हात विळीवर थांबला होता. "साईशाचा अक्षर कोंबड्याच्या पायासारखा. अर्ज वाचूक येय होतो. पण खोटा बोललंस ता नाय ठावक."

तिने उरलेली कवड खवून संपवली, पूर्ण, पांढऱ्याखालचा करडा भाग येईपर्यंत, आणि म्हणाली, "तारीख घेवन ये. मगे तुझा काय ता बघतंय."

दीक्षाने वह्या उचलल्या आणि त्या दिवसापासून ती लवूशी बोलायची बंद झाली. जेवण वाढायची, पण ताट ठेवताना आवाज करायची नाही. ठेवल्याचं लवूला वासाने कळायचं.

दुसऱ्या दिवशी तालमीत थाप अर्धी मात्रा उशिरा पडली. लवूला ती समेवर पडल्यासारखी वाटली. बुवांनी त्याला मिठी मारली.

*

शांतता उद्यानात क्षेपणास्त्राच्या आकाराची घसरगुंडी होती. शेलवंते यांनी फीत कापली, घसरगुंडीवरून एकदा घसरून दाखवलं आणि पुढच्या खुर्चीत येऊन बसले. माणूस रसिक होता. भजनाला मान डोलवायची, दाद कुठे द्यायची, सगळं त्याला ठाऊक होतं.

लवू पखवाजाला पीठ लावत होता, तेव्हा दीक्षा मांडवाच्या कडेने त्याच्यामागे आली. एकवीस दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"तो गेला म्हणून तू इथे बसलास," ती म्हणाली. "आता तरी नीट चूक."

बुवांनी गजर धरला. मंत्री पहिल्या ओळीलाच मान डोलवू लागले. दुसऱ्या ओळीला मान क्षणभर थांबली; मग सवयीने पुन्हा डोलू लागली. शेवटच्या 'कुणी धाडलं'ला लवूने तिहाई उचलली. शेलवंते यांनी समेवर दाद देण्यासाठी उजवा हात वर नेला.

सम आली नाही.

हात वरच राहिला. लवू ठेक्यावर गेला, बुवांनी गजर संपवला, टाळ्या झाल्या, आणि मंत्र्यांचा हात हवेत होता. शाल त्यांनी डाव्या हाताने स्वीकारली. नारळ स्वीय सहायकाने धरला. गाडीत बसताना हात दारात अडकला, म्हणून काच खाली करावी लागली. लोकांना वाटलं साहेब निरोप घेतायत, आणि लोकांनीही हात हलवले.

पुढच्या एकोणीस दिवसांत महासंघाचं सरकार गुणगुणू लागलं. मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेलवंते डाव्या हाताच्या बोटांनी टेबल वाजवायचे; ते इतकं हुबेहूब वाजवायचे की अर्धी मात्राही सुटायची नाही, आणि बैठक संपेपर्यंत उरलेल्यांना लागण झालेली असायची. अर्थमंत्र्यांनी 'माहीत नाही' म्हटलं आणि ते बरे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते खरं म्हटलं होतं. शेलवंते यांनीही म्हटलं. चौकशी समित्यांपुढे ते वाक्य त्यांनी चाळीस वेळा म्हटलेलं होतं, सराव उत्तम होता. गजर जलद झाला. त्यांनी 'विरोधकांनी धाडलं' म्हणून पाहिलं, 'परकीय शक्तींनी धाडलं' म्हणून पाहिलं. गजर दुप्पट लयीत गेला. कानात कापूस घातला तर आतला आवाज अधिक स्वच्छ ऐकू आला.

दहा फेब्रुवारीला एका सदस्याने माकुलांच्या निर्यातीबद्दल प्रश्न विचारला. माकुलं म्हणजे एक प्रकारचे समुद्री जीव. त्यांचा संरक्षण खात्याशी संबंध नव्हता. प्रश्न असा होता: "ही माकुलं परदेशी कुणी धाडली?"

शेलवंते उभे राहिले.

"मी धाडलं, हो, मी धाडलं," ते म्हणाले. मांडीवर ताल सुरू झाला. "लुमायवरती मी धाडलं. एकवीस नोव्हेंबर, नऊ वाजून दहा, भारतीय प्रमाणवेळ, मी धाडलं. रुग्णालय आहे, ठाऊक असून, एकदा नाही, तीन वेळा, त्रेसष्ट माणसं आत असून, मी धाडलं, मी धाडलं, मी धाडलं!"

सम अशी पडली की दोन्ही बाजूंच्या बाकांवरून एकदम "वाह!" गेली. तीनशे अकरा माना हलल्या. शेलवंते यांचा उजवा हात एकोणीस दिवसांनी खाली आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आंघोळ घालून निजवलेल्या बाळाची तृप्ती होती. काय म्हटलं गेलं हे सभागृहाला आणखी चार सेकंदांनी कळलं.

पुढचं थोडक्यात. अध्यक्षांनी ते विधान कामकाजातून वगळलं. मग वगळल्याची नोंद राहते म्हणून नोंद वगळली. मग नोंदीवर तारीख होती म्हणून, विशेष ठरावाने, दहा फेब्रुवारी वगळली. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांना नऊ आणि अकरा यांतला एक दिवस निवडायची मुभा देण्यात आली. ज्यांची लग्नं त्या दिवशी लागली होती त्यांना पुन्हा लावावी लागली, आणि त्यातल्या सहा जोडप्यांनी आम्हाला विचार करायला वेळ द्या म्हणून लेखी कळवलं. शेलवंते यांना त्या दिवशी सभागृहात गैरहजर राहिल्याबद्दल समज देण्यात आली. ते मंत्री राहिले. झोप उत्तम लागते, असं ते मुलाखतींत सांगतात.

निषेधगीत महोत्सवाने लवूला पहिलं पारितोषिक जाहीर केलं. शेरा होता: "शेवट प्रभावी." लवू घ्यायला गेला नाही.

*

खारवण्यात मात्र दहा फेब्रुवारी झालेली होती. सुहासिनीबाईने ते थेट प्रक्षेपण पाहिलं होतं, आणि शेलवंते 'नऊ वाजून दहा' म्हणाले तेव्हा तिने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं होतं. भिंत वगळायला अजून कुणी आलं नव्हतं.

भटजी आले. या वेळी त्यांना चहा मिळाला. त्यांनी जुनं पंचांग काढलं. "वेळ आपली की तिकडची?"

"आपली. बोललो तो," सुहासिनीबाई म्हणाली. "तेवढा बरा केल्यान."

"कार्तिक वद्य तृतीया," भटजी म्हणाले. "म्हाळ भाद्रपदातल्या तृतीयेला."

सुहासिनीबाईने तिथी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटली, लहान मुलाचं नाव पहिल्यांदा म्हणून बघावं तशी. मग ती बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसली. दीक्षा तिच्या बाजूला जाऊन बसली. लवू उंबऱ्याशी उभा होता. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

मग सुहासिनीबाई अचानक म्हणाली, "त्रेसष्ट बोललो ना तो?"

"हो," दीक्षा म्हणाली.

"म्हणजे साईशासोबत बासष्ट. तेंची तिथी पण तीच." तिने डोळे पुसले आणि मनात काही मांडून पाहिलं. "एकट्याक कसा वाढू? शेजारच्या खाटेवरचे उपाशी बघतले. त्येका गिळाक येवचा नाय."

"आई, आपल्याला त्यांची नावंही माहीत नाहीत."

"मगे विचारूया." ती उंबऱ्याकडे वळली. तिथी मिळाल्यापासून लवूकडे तिने पहिल्यांदाच पाहिलं. "लवू, अर्ज भरूक तुका बरो जमता. आत येवन बस. लिही."

लवू आत येऊन बसला. दीक्षाने त्याच्यापुढे कागद ठेवला, आणि ठेवताना आवाज केला. सुहासिनीबाईने सांगितलं, लवूने लिहिलं, आणि जिथे ती रागावली तिथे दीक्षाने सरकारी शब्द घातले.

प्रति,
मा. सचिव, संरक्षण विभाग,
महासंघ सचिवालय.

विषय: बासष्ट व्यक्तींची नावे व आवडीनिवडी कळविणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार सुहासिनी राऊळ, राहणार खारवणे, यांचे घरी भाद्रपद वद्य तृतीया रोजी त्रेसष्ट पाने वाढण्याचे योजिले आहे. त्यापैकी एका पानाचा तपशील अर्जदारास ज्ञात आहे. उर्वरित बासष्ट व्यक्ती आपल्या विभागाच्या परिचयाच्या असल्याने त्यांची नावे कळवावीत. पान वाढल्यावर हाक मारावी लागते व ती नावानेच मारावी लागते. तसेच प्रत्येकाच्या नावासमोर पुढील बाबी स्पष्ट नमूद कराव्यात: खीर तांदळाची की गव्हाची, तिखट सोसते किंवा कसे, लहान मूल असल्यास भात मऊ हवा का. एखाद्यास आपल्याकडचे जेवण चालत नसल्यास त्याच्या घरी काय शिजत असे, ते त्याच्या घरच्यांस विचारून कळवावे. घरचे कोणी उरले नसल्यास तसे लिहावे, म्हणजे अर्जदार अंदाजाने करतील.

सबब सदर यादी, आपल्या सहीशिक्क्यानिशी, दोन प्रतींत, वाल भिजत घालण्यास अवधी मिळेल अशा बेताने, म्हणजे तृतीयेच्या किमान दोन दिवस आधी पाठविण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.